जैसलमेर: उंटांच्या वाटेवरचं शहर पर्यटनावर कसं आलं, आणि किल्ला पाण्यानं का खचतो

प्रश्न असा आहे: जैसलमेर इतकं आडबाजूला, पाणी नाही, पीक नाही, मग तिथं एवढ्या श्रीमंत हवेल्या कुठल्या पैशानं उभ्या राहिल्या? पर्यटन नेमकं कधी सुरू झालं? आणि 'किल्ल्यातल्या हॉटेलात राहू नका' असं काही जण सांगतात, त्यात तथ्य आहे का?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. थोडक्यात सांगायचं तर शहर वाटेवरच्या जकातीवर मोठं झालं, वाट बदलली तेव्हा ओस पडलं, आणि ओस पडल्यामुळेच जसंच्या तसं टिकलं. पर्यटनानं त्याला पुन्हा पोट भरायला साधन दिलं, पण सोबत नळाचं पाणी आणलं. ते पाणी किल्ल्याच्या पायात मुरतंय. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, तथ्य आहे' असं आहे. आता सविस्तर.

भाटी राजपुतांची आधीची राजधानी लोदुर्वा, आजच्या शहराच्या वायव्येला साधारण १५ किलोमीटरवर. ती सपाटीवर होती, लढायला गैरसोयीची. रावळ जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला वसवला असं परंपरा सांगते. टेकडी आजूबाजूच्या सपाटीपासून ७५ मीटरच्या आसपास उंच, माथा साधारण ४६० मीटर लांब आणि २३० मीटर रुंद. एवढ्याशा जागेत राजवाडा, जैन मंदिरं, विहिरी आणि शेकडो घरं बसली. आज दिसतात त्या ९९ बुरुजांपैकी ९२ बुरूज १६३३ ते १६४७ या काळात बांधले किंवा नव्यानं उभारले गेले. म्हणजे आपण ज्याला बाराव्या शतकाचा किल्ला म्हणतो, त्याची बाहेरची चर्या शिवकाळाच्या सुरुवातीची आहे.

पाण्याची सोय टेकडीच्या खाली होती. घडसीसर, ज्याला आता सगळे गडीसर म्हणतात, हा तलाव चौदाव्या शतकातला. वर्षाकाठी पाऊस २०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. तो दोन-चार सरींत पडून जातो, म्हणून तलावापेक्षा त्याचा आगोर, म्हणजे पाणी गोळा करणारं उघडं माळरान, जास्त महत्त्वाचा. आगोरात गुरं बांधायची नाहीत, घाण करायची नाही, घर बांधायचं नाही, असे दंडक होते. १९६० च्या दशकात नळयोजना येईपर्यंत गावाचं पिणं बरंचसं गडीसरवर चालायचं, आणि किल्ल्यात पाणी डोक्यावरच्या घागरीतून चढायचं. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा हिशेब लागणार आहे.

आता पैसा. मार्गदर्शक 'रेशीम, मसाले, सुका मेवा' एवढंच सांगतात. ते खरं आहे, पण हवेल्यांच्या काळाला त्यानं पुरतं उत्तर मिळत नाही. जैसलमेरची उत्पन्नाची मुख्य बाजू म्हणजे दाण, वाटेवरची जकात. सिंध, मुलतान आणि पुढे मध्य आशियाकडून येणारा माल आणि गुजरात-माळव्याकडून जाणारा माल इथून उंटावर जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वाटेवर एका मालाचं वजन फार वाढलं: माळव्याची अफू. माळवा तेव्हा शिंदे-होळकरांच्या मुलखात. बंगालच्या अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून सुखासुखी बाहेर जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती. मग व्यापाऱ्यांनी लांबचा वळसा काढला: माळवा, पाली, जैसलमेर, तिथून वाळवंट ओलांडून कराची, आणि कराचीहून गलबतानं पोर्तुगीजांच्या दमणला. दमणहून पुढे चीन. अंतर अवाढव्य, पण कंपनीची चौकी टळत होती, आणि मधल्या प्रत्येक संस्थानाला जकात मिळत होती, त्यात जैसलमेरलाही.

पटव्यांच्या हवेल्यांचं बांधकाम १८०५ च्या सुमारास गुमानचंद पटवा यांनी सुरू केलं आणि पाच हवेल्यांचं काम काही दशकं चाललं, ते याच काळात. पटवे जरीचे व्यापारी, सोबत सावकारी आणि अफूचा धंदा. दिवाण सालिमसिंहाची हवेली १८१५ च्या आसपासची. कंपनीशी तह झाला तो १८१८ मध्ये, महारावळ मूलराजांच्या काळात. त्यामुळे हवेलीतल्या जाळीसमोर उभं राहिल्यावर 'वाळवंटात एवढी कला कशी' असं वाटणं साहजिक असलं, तरी उत्तर नकाशात आहे.

ही वाट बंद झाली ती दोन-तीन घावांत. आधी कंपनीनं माळव्याच्या अफूला परवाना-फी घेऊन मुंबईहून जाऊ दिलं. मग १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांनी जिंकलं आणि कराचीचा वळसा संपला. मुंबई बंदर आणि आगबोटी यांनी बाकीचा मालही ओढून घेतला. जोधपूरहून सिंधकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला तो बाडमेरवरून, जैसलमेरला पार बाजूला ठेवून. त्याच वेळी १८९९-१९०० चा दुष्काळ आला, विक्रम संवत १९५६ म्हणून त्याला 'छप्पनिया' म्हणतात. संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १५ हजार होती, ती १९०१ मध्ये ७३ हजारांवर आली. शहरात त्या वर्षी जेमतेम सात हजार माणसं मोजली गेली. श्रीमंत घराणी आधीच कुलपं लावून इतर शहरांत गेली होती. नथमलांची हवेली १८८५ ची. हाथी आणि लूलू या दोघा भावांनी तिचा एकेक अर्धा भाग कोरला, म्हणून दोन बाजू सारख्या भासतात पण नीट पाहिल्यावर नक्षी जुळत नाही. मोठ्या हवेल्यांपैकी ती अगदी शेवटची. मग १९४७ ची फाळणी: सिंधकडची उरलीसुरली देवाणघेवाण एका रात्रीत परदेश झाली. १९४९ मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झालं तेव्हा ते एका बंद सीमेवरचं टोक होतं.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जैसलमेर जपलं गेलं ते कुणी जपलं म्हणून नव्हे. शंभर वर्षं कुणाकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. शिवाय घडीव दगड इथं स्वस्त आणि लाकूड महाग, त्यामुळे बदल झाले तेही त्याच दगडात.

पर्यटनाचा पाया सैन्यानं घातला असं म्हणायला हरकत नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या आगेमागे सीमेकडे डांबरी रस्ते गेले, आणि १९६० च्या दशकातच पोकरणला थांबणारी रेल्वे जैसलमेरपर्यंत आली. हेतू रसद पोचवण्याचा होता. त्याच गाडीनं पर्यटक आले. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' प्रदर्शित झाला आणि बंगालमधल्या घराघरांत जैसलमेरचा किल्ला माहीत झाला. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगाली कुटुंबांची गर्दी आजही त्यामुळे होते. परदेशी तरुण पाठपिशव्या घेऊन याच सुमारास येऊ लागले. १९७९ पासून माघ पौर्णिमेच्या सुमाराला मरू महोत्सव भरू लागला. १९८० च्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जिल्ह्यात पोचलं. हवेल्या दुकानं झाल्या, किल्ल्यातली घरं गेस्ट हाउस झाली. १९०१ चं सात हजारांचं गाव २०११ च्या जनगणनेत ६५ हजारांचं झालं.

आता किल्ल्याचं दुखणं. ते समजायला बांधणी समजून घ्यावी लागते.

त्रिकूट टेकडी अखंड कातळाची नाही. सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या गडांवर वाढलेल्या आपल्या नजरेला इथं हमखास चकवा बसतो. वर दगडाचा थर, खाली आणि मधे शेल, चिकणमाती आणि ठिसूळ वालुकाश्म. दगडाला सगळे वालुकाश्म म्हणतात; प्रत्यक्षात इथला पिवळा इमारती दगड बराचसा ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्रात साचलेला चुनखडक आहे, आणि काही चिऱ्यांत शिंपल्यांचे ठसे उघड्या डोळ्यांना दिसतात. तटबंदी तीन पदरी आहे. सगळ्यात खालचा पदर टेकडीच्या सैल उताराला धरून ठेवणारी चिऱ्यांची पिचिंग भिंत. तिच्या वर बाहेरचा तट, मग आतला तट, आणि दोन तटांमधली चिंचोळी फिरती वाट, जिला तिथं मोरी म्हणतात. चिरे बहुतांश चुन्याशिवाय, एकमेकांत खाचा बसवून रचलेले. कोरड्या हवेत ही बांधणी उत्तम. भूकंपाचा हादरा किंवा उन्हाळ्यातलं प्रसरण सांध्यांत जिरतं.

घरांची छतं आपल्याकडच्या सोलापूर-मराठवाड्यातल्या माळवदासारखी: लाकडी तुळया, त्यावर काटक्या किंवा गवताची चटई, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ही माती खोली थंड ठेवते. पण वजनाचं गणित करून पाहा. ३० सेंटिमीटर कोरड्या मातीचं वजन एका चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. पूर्ण भिजली की त्यात शंभर-सव्वाशे किलोची भर पडते. जुन्या काळी पावसानंतर दरवर्षी छत लिंपायचे आणि उतार सारखा करायचे. मालक बाहेरगावी गेला की ते थांबतं, पाणी एका जागी साचतं, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं आणि एखाद्या जोरदार पावसात खोली बसते.

पावसाचं पाणी गडाबाहेर काढायला 'घुटनाली' नावाची व्यवस्था होती, चारही दिशांना उतार देऊन बाहेर सोडणारी. ती पावसासाठी होती. सांडपाणी नावाला होतं, कारण घागरीतून आणलेलं पाणी माणूस सांडत नाही. अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गुरांना.

मग नळ आला आणि त्याच्यामागून हॉटेल. दहा खोल्यांचं एक गेस्ट हाउस धरा. वीस पाहुणे, दरडोई १०० लिटर, म्हणजे दिवसाला २,००० लिटर. १५ लिटरच्या घागरीनं मोजलं तर रोज १३० हून अधिक घागरी. त्या घराचं क्षेत्र २०० चौरस मीटर धरलं तर त्यावर वर्षभरात पडणारा सगळा पाऊस होतो ४०,००० लिटर. म्हणजे वर्षाचा पाऊस हे हॉटेल वीस दिवसांत वापरतं. त्यातलं फक्त दहा टक्के पाणी सांध्यांतून आणि जुन्या गटारातून जमिनीत गेलं, तरी दीडशे दिवसांच्या हंगामात ३०,००० लिटर होतं. पाऊस वरून पडतो, बराचसा वाहून जातो किंवा सुकतो. गळती थेट जमिनीखाली, एकाच जागी, रोज.

पाणी चिकणमातीच्या थरात शिरलं की ती फुगते आणि मऊ होते. तटामागची भर भिजून जड होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. कोरड्या सांध्यांची भिंत हा दाब सोसायला रचलेलीच नाही. पहिलं लक्षण म्हणजे भिंतीला पोट येणं: मधला भाग बाहेर, वरचा-खालचा जागेवर. दुसरं, उभ्या रेषेत चिरे तडकणं. तिसरं, पायथ्याशी पांढरी भुकटी, म्हणजे ओल वर चढून क्षार बाहेर पडतायत आणि दगडाची पापडं सुटतायत. चौथं, कडक उन्हाळ्यातही तटाच्या पायाशी हिरवं गवत किंवा झुडूप. यातलं चौथं लक्षण सर्वांत भरवशाचं, कारण जैसलमेरात मे महिन्यात आपोआप हिरवं काही राहत नाही.

त्यात सिमेंटची दुरुस्ती रोग वाढवते. सांधे सिमेंटनं बंद केले की आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून मार्ग काढते, आणि दगड सिमेंटपेक्षा मऊ असल्यानं तोच झिजतो. सांध्यांत चुना भरलेल्या भिंतीत झीज चुन्यात होते, आणि चुना पुन्हा भरता येतो. मातीच्या छतावर सिमेंटचा कोबा टाकणं हीसुद्धा तितकीच वाईट सवय: वजन वाढतं, तडा गेला की पाणी खाली अडकतं आणि तुळई कुजल्याचं वरून कळतच नाही.

१९९० च्या दशकात बुरूज आणि तटाचे भाग ढासळू लागले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं १९९६ पासून किल्ल्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतलं. त्याच सुमारास 'जैसलमेर इन जेपर्डी' ही ब्रिटिश संस्था निघाली, वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या भारतीय संस्थेसोबत गल्ल्या, गटारं आणि दर्शनी भिंतींची कामं झाली, राणीमहालाची दुरुस्ती झाली. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून जैसलमेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. यादीत गेल्यानं गळती थांबत नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या जोरदार पावसात तटाचा एक भाग पुन्हा कोसळला.

मग हॉटेलं बंदच का करत नाहीत? कारण हा वसता किल्ला आहे. काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या आत राहतात आणि त्यांची कमाई याच पाहुण्यांवर आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे, आणि राहत्या घराची दुरुस्ती करायलाही परवानगी लागते. परवानगीला वेळ लागतो, छत तोवर थांबत नाही. मग रात्रीतून सिमेंट टाकलं जातं. सरसकट बंदीपेक्षा चुन्याचे गवंडी, मातीच्या छताला अनुदान आणि झटपट परवानगी यांनी जास्त फरक पडेल असं माझं मत आहे. आपल्या पन्हाळ्यावरही वस्ती आहे, आणि २०२५ मध्ये तो मराठा लष्करी स्थापत्यासोबत जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या रहिवाशांचे प्रश्न वेगळे, खडक वेगळा, पण कागदाचा हा पेच तोच आहे.

आता तुमच्या सहलीबद्दल.

राहायचं खालच्या गावात. किल्ल्याचं दृश्य तिथल्या गच्चीवरूनच दिसतं. आत राहिल्यावर किल्ला दिसत नाही. चार पैसे वर द्यायचेच असतील तर किल्ल्यातल्या कारागिराकडे आणि जेवणाला द्या, त्यानं टेकडीत पाणी मुरत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात गुजरात-महाराष्ट्राची गर्दी इतकी असते की गल्लीत उभं राहून वर बघता येत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो, तंबूत राहणार असाल तर खरे लोकरीचे कपडे न्या. जोधपूरहून रस्त्यानं २८५ किलोमीटरच्या आसपास, पाच तास धरा. रात्रीची रेल्वेही आहे.

किल्ल्यात सकाळी लवकर शिरा. अखै, सूरज, गणेश आणि हवा असे चार पोल, म्हणजे दरवाजे, ओलांडले की दशहरा चौक. दोन दरवाज्यांमधलं वळण मुद्दाम काटकोनात आहे, हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून. जैन मंदिरं बिगर-भाविकांना ठराविक वेळेतच, बहुधा दुपारपर्यंत खुली असतात. चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवावं लागतं. पार्श्वनाथ मंदिराचं तोरण आधी पाहा आणि संभवनाथ मंदिराच्या तळघरातला ज्ञानभांडार उघडा असेल तर चुकवू नका, तिथं ताडपत्रावरच्या पोथ्या आहेत. हवेल्या दुपारी तीननंतर, उतरत्या उन्हात. जाळीची खोली तेव्हाच कळते.

लोदुर्वा आणि कुलधरा हे ओसाड गाव एका दिवसात होतात. कुलधऱ्याच्या भुतांच्या गोष्टी पर्यटनानं फुगवल्या आहेत; त्यावर वेळ घालवू नका. पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत गावं सोडली ही आख्यायिका सालिमसिंहाच्या जुलमाशी जोडली जाते. गाव हळूहळू रिकामं होत गेल्याच्या खुणा, आटत्या विहिरी आणि जबर कर पाहता खरं कारण त्यातच असावं. तिथं बघण्यासारखी गोष्ट म्हणजे परिसरातले खडीन. उताराच्या तळाशी दीड ते तीन मीटर उंचीचा मातीचा बांध, त्याला सांडवा, आणि शेताच्या बारा ते पंधरा पट मोठं पाणलोट. पावसाचं पाणी बांधाआड उभं राहतं, मुरतं, उरलेलं काढून टाकतात आणि नोव्हेंबरात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. एकही पाणी न देता पीक येतं. २०० मिलिमीटरच्या मुलखात गहू पिकवणाऱ्या या लोकांचं कसब भुतांच्या गोष्टींखाली दडपलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

सम इथले वाळूचे डोंगर शहरापासून ४० किलोमीटरवर. तंबूंच्या रांगा, मोठ्या आवाजातली गाणी आणि जीपची धूम हवी नसेल तर वाळूच्याच डोंगरांजवळच्या खुरी गावाकडे जा. दोन्हीकडे उंटाचा दर, वेळ आणि अंतर बसण्याआधी ठरवून घ्या. 'सनसेट पॉइंट' म्हणून रस्त्यापासून पाच मिनिटांवर उतरवण्याचा प्रकार नेहमीचा आहे. याच भागात ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, माळढोकाचा देशातला शेवटचा मोठा आसरा. जीपवाल्याला चाकोरी सोडून गवताळ पट्ट्यात गाडी घालू देऊ नका, कारण माळढोक जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. तनोटचं मंदिर आणि लोंगेवालाची १९७१ ची रणभूमी ही सीमेकडची ठिकाणं करायची असतील तर वेगळा पूर्ण दिवस काढा, सकाळी निघण्याआधी रस्ता आणि परवानगीची स्थिती हॉटेलात विचारून घ्या. सीमा जवळ आहे, आणि मे २०२५ मध्ये शहरात ब्लॅकआऊट झाला होता तसे प्रसंग आले की पुढचे रस्ते बंद होतात.